हेतूवाचून घडलेला मृत्यू आणि इंग्लिश कायदा

६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी बेल्जियममधील झेब्रुग बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही प्रवासी नौका इंग्लंडातील डोव्हरकडे निघाली. मोटारी आणि मालट्रक थेट पोटात घेणाऱ्या या नौकेचे पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते. बंदराबाहेर पडून तिने वेग घेताच पाणी आत घुसले आणि काही मिनिटांत ती कलंडली. १९३ माणसे मेली. दरवाजे लावण्याचे काम ज्याच्याकडे होते तो कर्मचारी, ज्याच्या हुद्द्याला आपले कोकणी खलाशी टंडेल म्हणत आले, तो आपल्या खोलीत झोपला होता. दरवाजे लागले की नाही हे पाहण्याची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर होती त्याने ते पाहिले नाही. कप्तानाच्या जागेवरून ते दिसतच नसल्याने, लागले असतील असे त्याने गृहीत धरले.

इथवरची हकीकत निष्काळजी माणसांची आहे. पण चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शीन यांना आणखी एक गोष्ट आढळली. दरवाजे लागले आहेत की उघडे आहेत हे सांगणारा एक दिवा कप्तानासमोर बसवावा, अशी मागणी कंपनीच्या कप्तानांनी पूर्वीच लेखी केली होती. किनाऱ्यावरील कार्यालयात बसलेल्या वरिष्ठांनी ती थट्टेवारी नेली. एक दिवा आणि थोडी तार! दुर्घटनेनंतर मात्र कंपनीच्या इतर नौकांवर असे दिवे लवकरच बसले. वरपासून खालपर्यंत संपूर्ण कंपनीलाच बेफिकिरीचा रोग जडला होता, असा शीन यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डोव्हर येथील मृत्युचौकशीत ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा वधाचे आहेत असा निर्णय दिला. तीन वर्षांनी फौजदारी खटला उभा राहिला, आणि त्यात कोणालाही शिक्षा झाली नाही.

ती का झाली नाही, हे समजून घेण्यासाठी इंग्लिश कायदा ज्याला 'इन्व्हॉलंटरी मॅनस्लॉटर' म्हणतो आणि आपण ज्याला अहेतुक मनुष्यवध म्हणू, त्याच्या अंतरंगात शिरावे लागते. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, विधिज्ञ नव्हे. परंतु धोका कोण निर्माण करतो, तो टाळण्याचा खर्च कोण वाचवतो आणि त्याची किंमत शेवटी कोणाला मोजावी लागते, हे आमच्या शास्त्राचे जुनेच प्रश्न आहेत. आणि या कायद्याच्या मुळाशीही तेच आहेत.

इंग्लंडात खुनाचा गुन्हा ठरण्यासाठी ठार मारण्याचा किंवा निदान गंभीर इजा करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. हा हेतू नसताना जो दोषास्पद मृत्यू घडतो तो अहेतुक मनुष्यवध. त्याची जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेप आहे, आणि किमान मर्यादा अशी काही नाही. या एका नावाखाली मुख्यतः दोन अगदी भिन्न गोष्टी नांदतात. एक, बेकायदा आणि धोकादायक कृत्यातून झालेला मृत्यू. दुसरी, घोर निष्काळजीपणातून झालेला मृत्यू. यांची व्याख्या संसदेने कोणत्याही कायद्यात केलेली नाही. शे-दीडशे वर्षांच्या निकालांतून न्यायाधीशांनी ती घडवत आणली आहे.

पहिल्या प्रकारापासून सुरुवात करू. १८८३ साली ब्रायटनच्या समुद्रातील धक्क्यावरून एका माणसाने तिथल्या दुकानदाराची पेटी उचलून पाण्यात फेकली. खाली पोहणाऱ्याला ती लागली आणि तो मेला. दुसऱ्याची वस्तू फेकणे हा दिवाणी अपराध असला तरी तेवढ्यावरून मनुष्यवध सिद्ध होत नाही, असे त्या वेळी ठरले. मुळातले कृत्य फौजदारी गुन्हा असले पाहिजे. १९६५ साली अपील न्यायालयाने कसोटी आणखी रेखीव केली. या कृत्यामुळे समोरच्याला काही ना काही इजा होण्याचा संभव आहे, मग ती किरकोळ का असेना, हे कोणत्याही समंजस माणसाच्या लक्षात आले असते काय, एवढेच ज्यूरीने पाहावयाचे. आरोपीच्या स्वतःच्या लक्षात ते आले होते की नाही, याला महत्त्व नाही. पंधरा वर्षांच्या दोन मुलांनी रेल्वेवरच्या पुलावरून फरसबंदीचा एक दगड खालून जाणाऱ्या गाडीवर ढकलला आणि त्यात गार्डचा मृत्यू झाला. त्या खटल्यात १९७६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ही कसोटी कायम केली.

दगड ढकलणाऱ्या मुलांविषयी सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. पण दारूच्या गुत्त्याबाहेरील एका ठोशाचा विचार करा. भांडणात एकाने दुसऱ्याला ठोसा मारला, दुसरा धडपडला, उठला आणि शिव्या देत घरी गेला. इंग्लंडात या साध्या मारहाणीची कमाल शिक्षा सहा महिने आहे. आता तोच ठोसा, तोच राग, तोच जोर. फक्त पडणाऱ्याचे डोके फुटपाथच्या कडेवर आपटले आणि तो मेला. आता गुन्हा मनुष्यवधाचा आणि कमाल शिक्षा जन्मठेप. प्रत्यक्षात न्यायाधीश अशा खटल्यांत जन्मठेप देत नाहीत, काही वर्षांचा तुरुंगवास देतात, हे खरे. तरीही दोन ठोशांमधला फरक मारणाऱ्याच्या मनात नव्हता, मनगटात नव्हता. तो फुटपाथच्या दगडात होता.

गमतीची गोष्ट अशी की, या तत्त्वावरील सर्वांत मार्मिक टीका इंग्लंडात नव्हे, कलकत्त्यात लिहिली गेली. हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या पहिल्या विधि आयोगाचे मेकॉले हे अध्यक्ष होते. १८३७ च्या त्या मसुद्यासोबतच्या टिपणांत त्यांनी इंग्लिश कायद्याच्या या अंगाची चांगलीच हजेरी घेतली आहे. एकच गुन्हा शंभर जणांनी सारख्याच परिस्थितीत केला आणि त्यांतील एकाच्या हातून योगायोगाने मृत्यू घडला, तर त्या एकाला भारी शिक्षा देऊन काय साधते? त्याचा अपराध उरलेल्या नव्याण्णवांहून तिळभरही अधिक नाही. गुन्ह्याला आळा घालावयाचा तर शंभरांचीही शिक्षा थोडी वाढवावी. शंभरांत एकाला फासावर चढवण्याची सोडत काढू नये. कारण दूरच्या आणि अनिश्चित शिक्षेची भीती वाटत नाही, जवळच्या आणि निश्चित शिक्षेची वाटते. दंडशास्त्रावरील ज्या संशोधनाचा आमच्या वर्गांत आज गौरवाने उल्लेख होतो, त्यातील एक मुख्य मुद्दा मेकॉले यांनी असा जाता जाता मांडून ठेवला आहे. शिक्षणविषयक टिपणासाठी आपण त्यांना पुष्कळ शिव्या दिल्या. या टिपणाबद्दल थोडे ऋण मान्य करावयास हरकत नाही. कारण बेकायदा कृत्यातून मृत्यू झाला म्हणून आपोआप मनुष्यवध, हे तत्त्व भारतीय दंडसंहितेत शिरले नाही ते याच विचारामुळे.

यावर एक उत्तर आहे, आणि ते हलके नाही. ठोसा लागून ज्या आईचा मुलगा गेला तिला शंभर ठोशांची सरासरी सांगून काय उपयोग? तिच्या दृष्टीने मृत्यू हा योगायोग नव्हे, तेच सर्वस्व आहे. न्यायालयाने झाल्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी, ही तिची अपेक्षा रास्तच आहे. मी ती मान्य करतो. पण नाव मोठे असणे आणि शिक्षा दैवावर सोपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडच्या विधि आयोगानेही १९९६ च्या अहवालात या प्रकारचा मनुष्यवध त्याच्या तत्कालीन स्वरूपात रद्द करावा, अशी शिफारस केली होती. संसदेने ती उचलली नाही.

दुसरा प्रकार घोर निष्काळजीपणाचा. येथे मुळातले कृत्य बहुधा कायदेशीरच नव्हे, तर समाजोपयोगी असते: शस्त्रक्रिया, प्रसूती, वाहन चालवणे. १९२५ साली एका डॉक्टरच्या खटल्यात लॉर्ड हेवर्ट यांनी सांगितले की, नुकसानभरपाईने भागेल एवढी चूक पुरेशी नाही; दुसऱ्याच्या जिवाची इतकी बेपर्वाई हवी की ती सरकारने दखल घ्यावी असा गुन्हा ठरेल. त्या डॉक्टरची शिक्षा रद्द झाली. मोटारी वाढल्या तसा हा निकष रस्त्यावर आला आणि तेथे तो लंगडा पडला. ज्यूरीवर बसणारे गृहस्थ बहुधा स्वतः मोटार चालवणारे. 'मनुष्यवध' हा भारदस्त शब्द ऐकला की त्यांना आरोपीच्या जागी आपण दिसू लागत. अखेर १९५६ साली संसदेला 'धोकादायक वाहनचालनाने मृत्यू' असा स्वतंत्र आणि सौम्य नावाचा गुन्हा निर्माण करावा लागला. पुढे समाजाचे मत पालटत गेले आणि २०२२ साली त्याचीही कमाल शिक्षा जन्मठेप झाली!

डॉक्टरांसाठी मात्र असा वेगळा गुन्हा झाला नाही. १९८७ च्या जानेवारीत डोळ्याच्या एका शस्त्रक्रियेत रुग्णाला श्वास पुरवणारी नळी यंत्रापासून सुटली. भूल देणाऱ्या डॉक्टर अडोमाको यांच्या ते ध्यानात आले नाही. सुमारे साडेचार मिनिटांनी यंत्राचा इशारा वाजला तरी नेमके काय बिघडले आहे ते त्यांना उमगले नाही, आणि रुग्णाचे हृदय थांबले. सक्षम डॉक्टरला ही गोष्ट पंधरा सेकंदांत समजली असती, अशी साक्ष एका तज्ज्ञाने दिली. शिक्षा झाली, आणि १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कायम केली. लॉर्ड मॅके यांच्या त्या निकालातील चौकट आजही चालू आहे: काळजी घेण्याचे कर्तव्य होते काय, त्याचा भंग झाला काय, त्यातून मृत्यू झाला काय, आणि तो भंग गुन्हा मानण्याइतका घोर होता काय.

शेवटच्या प्रश्नाची रचना पाहा. हा गुन्हा आहे काय? तर गुन्हा ठरण्याइतका निष्काळजीपणा असेल तर आहे! परीक्षेतील उत्तरपत्रिकेत असे वाक्य आले असते तर मी गुण कापले असते. २००४ साली साउदॅम्प्टनमधील दोन डॉक्टरांच्या अपिलात हीच हरकत मानवी हक्कांच्या आधारे घेण्यात आली. अपील न्यायालयाने ती फेटाळली. ज्यूरी कायदा ठरवत नाही, घटनेची घोरता ठरवते, असे त्याचे म्हणणे पडले. तर्क म्हणून ते टिकतही असेल. पण ऑपरेशन टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला सीमारेषा कोठे आहे हे आधी कळत नाही, ही अडचण त्याने सुटत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट या खटल्यांच्या कडेला पडलेली असते. अडोमाको यांनी शस्त्रक्रिया चालू असताना मध्येच सूत्रे घेतली. आधीचे डॉक्टर आणि त्यांचे सहाय्यक दोघेही रुग्णालयातीलच दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी निघून गेले, आणि बदली सहाय्यक नंतर पोहोचला. २०११ साली लेस्टरमधील एका रुग्णालयात सहा वर्षांचा मुलगा रक्तातील जंतुसंसर्गाने गेला. त्याच्यावर उपचार करणारी कनिष्ठ डॉक्टर दीर्घ प्रसूतिरजेवरून नुकतीच कामावर परतली होती. तिचे वरिष्ठ त्या दिवशी रुग्णालयाबाहेर होते, माणसे अपुरी होती आणि संगणकयंत्रणा काही तास बंद पडल्याने तपासण्यांचे निष्कर्ष वेळेवर मिळाले नाहीत. तिच्या हातून चुका झाल्या, यात वाद नाही. २०१५ साली तिला मनुष्यवधासाठी दोन वर्षांची निलंबित कैद झाली. संगणक, रजेवरील माणसांच्या बदल्या आणि खाटांमागे डॉक्टरांचे प्रमाण ज्यांनी ठरवले ते कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते. २०१८ साली तिचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकले गेले तेव्हा देशभरचे डॉक्टर खवळून उठले, आणि त्याच वर्षी अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

आणखी एक विचित्र वळण २०१७ साली आले. एका नेत्रतपासनीस बाईंनी सात वर्षांच्या मुलाचे डोळे तपासले, पण डोळ्याच्या मागील भाग पाहिला नाही. पाहिला असता तर मेंदूतील पाणी वाढल्याचे चिन्ह दिसले असते. मुलगा पाच महिन्यांनी गेला. अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली: मृत्यूचा गंभीर आणि उघड धोका आरोपीला त्या क्षणी असलेल्या माहितीवरून दिसला पाहिजे, कर्तव्य केले असते तर जी माहिती मिळाली असती ती जमेस धरता येणार नाही. एखाद्या चुकीसाठी माणसाला तुरुंगात घालू नये, ही त्यामागची भावना मला पटते. दिवाणी दावा आणि व्यावसायिक शिस्तभंगाची कारवाई यांचे मार्ग खुले राहतातच. पण त्यातून निघणारा हिशेब अर्थशास्त्राच्या माणसाला अस्वस्थ करतो. ज्याने पाहिले आणि चुकला तो अडकतो. ज्याने पाहिलेच नाही तो सुटतो. आणि कार्यालयात बसलेल्या माणसाइतके न पाहणे कोणाला सोपे असते?

येथे आपण पुन्हा झेब्रुगच्या नौकेशी येतो. १९९० च्या खटल्यात न्यायमूर्ती टर्नर यांनी कंपनीवरही मनुष्यवधाचा खटला चालू शकतो असा महत्त्वाचा निर्णय दिला, आणि पुरावा ऐकल्यावर कंपनीला व वरिष्ठांना निर्दोष ठरवण्याचा आदेश ज्यूरीला दिला. कारण कंपनीला मन नसते. ते तिच्या संचालकांपैकी कोणाच्या तरी डोक्यात सापडावे लागते, असा नियम होता. हा नियम पक्का झाला तो १९७१ साली, टेस्को या दुकानसाखळीच्या खटल्यात. तेथे वाद होता धुण्याच्या पावडरीच्या सवलतीच्या किमतीचा! दुकानाचा व्यवस्थापक म्हणजे कंपनी नव्हे, असे तेथे ठरले. पावडरीसाठी घडवलेले माप १९३ मृत्यूंना लावले गेले. बेफिकिरी अनेकांत थोडी थोडी वाटली गेली होती. एकाही वरिष्ठाच्या वाट्याला गुन्हा ठरण्याइतकी आली नाही. म्हणजे जितकी कंपनी मोठी आणि जबाबदारीचे तुकडे जितके बारीक, तितकी ती सुरक्षित. इंग्लंडात मनुष्यवधासाठी प्रथम शिक्षा झालेली कंपनी कोणती होती? १९९३ साली लाइम उपसागरात चार शाळकरी मुले कॅनोच्या सफरीत बुडाली, त्या सफरीची व्यवस्था करणारी एक छोटी संस्था. तिचा कारभार व्यवस्थापकीय संचालकाच्या हाती एकवटलेला होता, म्हणून १९९४ साली तोही सापडला आणि संस्थाही.

अमेरिकेतील न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९४७ साली निष्काळजीपणाचे एक सूत्र सांगितले. योगायोगाने तो खटलाही एका मालवाहू बार्जचाच होता. खबरदारीचा खर्च हा, संभाव्य नुकसान गुणिले त्याची शक्यता, यापेक्षा कमी असूनही जो खबरदारी घेत नाही तो निष्काळजी. या सूत्राने झेब्रुगचा टंडेल दोषी आहेच. पण थकलेला माणूस कधी तरी झोपणारच, हे ज्यांना ठाऊक असायला हवे होते आणि तरीही ज्यांनी दिवा नाकारला, त्यांच्याकडेही हे सूत्र बोट दाखवते. खर्चाचा निर्णय जेथे होतो तेथे शिक्षेची भीती पोहोचली पाहिजे. बारा तास जागलेल्या माणसाला शिक्षेच्या भीतीने जागे ठेवता येत नाही.

या टीकेतूनच २००७ चा कंपनी मनुष्यवध कायदा आला. ६ एप्रिल २००८ पासून तो लागू आहे. आता एका माणसाचे मन शोधावे लागत नाही. कारभाराच्या पद्धतीत घोर दोष होता आणि त्यात वरिष्ठ व्यवस्थापनाचा वाटा मोठा होता, एवढे दाखवले की पुरते. दंडाला मर्यादा नाही. हे पाऊल पुढचे आहे, यात शंका नाही. पण पहिली शिक्षा २०११ साली कोणाला झाली? आठेक नोकरांच्या एका भूगर्भतपासणी कंपनीला. दंड ३ लाख ८५ हजार पौंड. त्यानंतरही सापडलेल्या बहुतेक कंपन्या लहान आणि मध्यमच आहेत. शिवाय या कायद्याने संचालकाला साथीदार म्हणूनही आरोपी करता येत नाही. उरतो दंड, आणि तो भरतात भागधारक. संस्था सरकारी रुग्णालय असेल तर करदाते आणि रुग्ण. २०१७ च्या जूनमध्ये लंडनच्या ग्रेनफेल इमारतीच्या आगीत ७२ माणसे गेली. सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असे चौकशी समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले तेव्हा सात वर्षे उलटली होती आणि मनुष्यवधाचे एकही आरोपपत्र दाखल झाले नव्हते.

हे सारे आपल्यापासून दूर नाही. मेकॉले यांच्या मसुद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम होते. १८६० च्या संहितेतून ते गळले आणि १८७० साली ३०४-अ म्हणून परत आले. कमाल शिक्षा दोन वर्षे. डॉक्टरांविरुद्ध या कलमाचा वापर करताना निष्काळजीपणा घोर असलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात ठरवले, ते इंग्लिश निकालांच्या आधाराने. पण या कलमाची खरी कसोटी लागली ती भोपाळमध्ये. विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा तेथे आधीच बंद करून ठेवलेली होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरील सदोष मनुष्यवधाचा आरोप उतरवून ३०४-अ वर आणला. जून २०१० मध्ये, म्हणजे वायुगळतीनंतर पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. कंपनीच्या भारतीय शाखेला दंड सुमारे ५ लाख रुपये. आरोपाची पायरी पुन्हा वर न्यावी, हा सरकारचा अर्ज २०११ साली फेटाळला गेला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम १०६ झाले आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली, डॉक्टरांपुरती दोनच राहिली. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांची तरतूद लिहिली गेली आणि ट्रकचालकांनी संप केल्यावर ती अंमलात न आणता बाजूला ठेवली गेली. चालकाचा विचार झाला, डॉक्टराचाही झाला. ज्याने थंड करणारी यंत्रणा बंद करण्याच्या कागदावर सही केली, त्याच्यासाठी या कलमात स्वतंत्र ओळ नाही.